पंच्याण्णव टक्के ठेवीदार सुरक्षित. मग उरलेले पाच कोण?

रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. १९१० साली स्थापन झालेली ही बँक म्हणजे शतक ओलांडलेली संस्था. बापाचे खाते तेथे म्हणून मुलाचेही तेथेच, असा आपल्या बाजाराचा रिवाज. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने जे पत्रक काढले त्यात एक दिलासा दिला होता. सुमारे ९५ टक्के ठेवीदार आपली संपूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळण्यास पात्र आहेत, असे त्यात म्हटले होते.

त्या दिवसांत आमच्या दुकानी एक जुने गिऱ्हाईक बसले होते. म्हणाले, "चाचा, शंभरातले पंच्याण्णव रुपये मिळणार, आणखी काय पाहिजे?" आम्ही म्हणालो, भाऊ, नीट वाचा. पंच्याण्णव रुपये नव्हे, पंच्याण्णव माणसे.

हा फरक लहान वाटतो, पण व्यापाऱ्याचे सारे भांडवल त्या फरकात अडकलेले असते. वाचक बंधूंनी एक हिशेब आमच्याबरोबर करावा. समजा, एका बँकेत शंभर ठेवीदार आहेत. पंच्याण्णव जणांचे सरासरी ४० हजार रुपये, म्हणजे एकूण ३८ लाख. उरलेल्या पाच जणांचे प्रत्येकी २० लाख, म्हणजे एक कोटी. बँकेतील एकूण ठेव झाली १ कोटी ३८ लाख. विमा आहे प्रत्येकी ५ लाखांचा. पंच्याण्णव जणांना सगळे मिळाले. पाच जणांना मिळाले २५ लाख. अडकले ७५ लाख. म्हणजे ९५ टक्के ठेवीदार सुरक्षित, हे वाक्य शंभर टक्के खरे. आणि निम्म्याहून जास्त पैसा अडकला, हेही तितकेच खरे. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही बँकेचे नाहीत. परंतु उत्तर देणारा कोणता वाक्यप्रयोग निवडतो, हे यावरून ध्यानात यावे.

संसदेत असेच घडते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, जिला सारे पीएमसी म्हणतात, तिच्यावर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ती दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार आणि नोव्हेंबरात पन्नास हजार झाली. बँकेने दिलेल्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती दाखविण्यात आली होती, असे तपासात पुढे आले. हिवाळी अधिवेशनात विरोधी सदस्यांनी सरकारला विचारले की, इतकी वर्षे तपासणी करणारे काय पाहत होते? डिसेंबर २०१९ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितले की, ७८ टक्के ठेवीदारांना आता आपली संपूर्ण शिल्लक काढता येते.

पुन्हा तेच. माणसे मोजली, रुपये मोजले नाहीत. पन्नास हजारांच्या आत शिल्लक असलेली माणसे कोण? पगारदार, गृहिणी, निवृत्त, लहान बचत करणारे. त्यांचा पैसा मोकळा झाला, हे चांगलेच झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्याच्या चालू खात्यात आठवड्याला माल उचलण्याची रक्कम पडून असते तो दुकानदार, तो कारखानदार, तो ठेकेदार उरलेल्या २२ टक्क्यांत बसतो. उत्तरात त्याचे नावच येत नाही.

या ठिकाणी दुसरा प्रश्न विचारला गेला, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि १८ मार्चला ते उठलेही. तेरा दिवस! स्टेट बँकेच्या पुढाकाराने इतर बँकांनी भांडवल ओतले आणि बँक उभी राहिली. पीएमसीचे खातेदार मात्र जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे चार महिने थांबले. तेव्हा कोठे ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. नगर अर्बनवर ६ डिसेंबर २०२१ रोजी दहा हजारांची मर्यादा आली आणि बावीस महिन्यांनी परवानाच गेला. मोठी बँक बुडाली तर सारा बाजार हादरतो म्हणून तिला सावरावे लागते, हे सरकारचे म्हणणे आम्हाला समजते. पण नगरचा बाजार हाही बाजारच आहे.

दोन मालकांचे घर

सहकारी बँकेच्या बाबतीत सरकार आणखी एक सबब देत असे आणि ती निव्वळ सबब नव्हती. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला खरा, पण अर्धवट. पैशाचा व्यवहार पाहायचा रिझर्व्ह बँकेने; संचालक मंडळ, निवडणुका, सभासद हे पाहायचे सहकार निबंधकाने. बँक एका राज्यापुरती असेल तर राज्याचा निबंधक, अनेक राज्यांत असेल तर दिल्लीचा केंद्रीय निबंधक. नगर अर्बन दुसऱ्या प्रकारातली. बँक बुडाली की रिझर्व्ह बँक निबंधकाकडे बोट दाखवी आणि निबंधक रिझर्व्ह बँकेकडे. आपल्याकडे म्हण आहेच, दोन घरचा पाहुणा उपाशी. येथे उपाशी राही तो खातेदार.

ही दुहेरी व्यवस्था कमी करण्यासाठी जून २०२० मध्ये वटहुकूम निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकिंग नियमन दुरुस्ती विधेयक आले. विरोधकांचा आक्षेप असा की, सहकारी संस्था हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि केंद्र तो मागील दाराने काढून घेत आहे. शरद पवार यांनी त्यापूर्वीच पंतप्रधानांना पत्र लिहून सहकारी बँकांचे सहकारी स्वरूप टिकले पाहिजे असे कळविले होते. सरकारचे उत्तर असे की, नियमन फक्त बँकिंग व्यवहाराचे आहे आणि बँकिंग हा केंद्राचा विषय आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु चर्चा कशी झाली ते पाहा. महामारीमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता; लेखी उत्तरे तेवढी मिळत होती. १६ सप्टेंबरला लोकसभेत चर्चा होऊन विधेयक मंजूर झाले. राज्यसभेत ते आले २२ सप्टेंबरला. शेतीविषयक विधेयकांवरून आदल्या दोन दिवसांत गोंधळ होऊन आठ विरोधी सदस्य निलंबित झाले होते आणि विरोधकांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. त्या दिवशी काही तासांत सात विधेयके मंजूर झाली. त्यांत आपल्या ठेवींचे हे एक.

पुढच्या वर्षी ठेव विमा कायद्याची दुरुस्ती आली. ही दुरुस्ती तर खातेदाराच्या थेट फायद्याची. पूर्वी बँक दिवाळखोरीत जाईपर्यंत किंवा तिचे विलीनीकरण होईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे. आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत मिळावा, अशी तरतूद झाली. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने खातेदारांच्या दाव्यांची यादी द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळाने ती तपासून रक्कम द्यायची. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत हे विधेयक मंजूर झाले तेव्हा पेगॅसस पाळतीच्या प्रकरणावरून घोषणा चालू होत्या. त्या गोंगाटात पाच लाखांच्या वरच्या रकमेचे काय, हा प्रश्न कोणी धसास लावला नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तरतूद अमलात आली आणि नगर अर्बनच्या खातेदारांना तिचा उपयोगही झाला. परवाना जाण्यापूर्वीच अनेकांना विम्याची रक्कम मिळाली. हे श्रेय सरकारला दिले पाहिजे. पण विरोधी बाक एका वर्षी रिकामे राहिले आणि दुसऱ्या वर्षी ओरडत राहिले, याचा जाबही कोणीतरी विचारला पाहिजे. पेगॅससचा प्रश्न लहान होता असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही विचारता आले असते.

आणि आपल्या जिल्ह्याचे काय? नगर अर्बन बँकेचे अध्यक्ष राहिलेले दिलीप गांधी हे १९९९ ते २००४ आणि पुन्हा २००९ ते २०१९ नगरचे खासदार होते. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला. ते आता हयात नाहीत आणि कोणावर दोष ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, बँक आणि राजकारण यांची जेथे इतकी जवळीक असते, तेथे प्रश्न विचारणारा बाहेरून यावा लागतो. महाराष्ट्रात असा एकही मोठा पक्ष नाही ज्याच्या पुढाऱ्यांची सहकारी बँकांशी नाती नाहीत. म्हणून मुंबईच्या बँकेवर दिल्लीत आवाज होतो आणि जिल्ह्याच्या बँकेवर सर्वपक्षीय शांतता पसरते.

आवाजाने काय बदलते

संसदेत प्रश्न विचारून बुडालेला पैसा परत येतो का? बहुधा नाही. पण पुढच्या माणसासाठी मर्यादा वाढते, असा इतिहास आहे. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पलाईवरून संसदेत मोठी चर्चा झाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, माणशी १,५०० रुपयांचा. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. त्यात बँक ऑफ कराड ही आपली मराठी मुलखातली बँक संपली. विरोधकांच्या रेट्याने रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. तिचे काम चालू असतानाच १ मे १९९३ पासून विमा ३० हजारांवरून एक लाख झाला. मग सत्तावीस वर्षे तो एक लाखावरच थांबला. त्या काळात सोने कोठून कोठे गेले, कापसाच्या सुताचा भाव कोठे गेला, पण विमा जागचा हलला नाही. पीएमसीचे खातेदार रस्त्यावर आले तेव्हा, ४ फेब्रुवारी २०२० रोजी तो पाच लाख झाला.

परदेशातही वेगळे नाही. आगा हसन आबेदी यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली बीसीसीआय बँक आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. तिची एक शाखा मुंबईतही होती, ती पुढे स्टेट बँकेच्या एका उपकंपनीने घेतली. ५ जुलै १९९१ रोजी ही बँक बंद झाली तेव्हा इंग्लंडमधील आशियाई दुकानदारांचा पैसा तिच्यात होता, कारण तेथील गोऱ्या बँकांपेक्षा हिच्या काउंटरवर त्यांना आपलेपणा मिळत असे. विमा होता पहिल्या २० हजार पौंडांच्या ७५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ हजार पौंड. त्यावरचा पैसा ज्यांचा, ते बहुतेक व्यापारीच. विरोधी पक्षनेते नील किनॉक यांनी पंतप्रधान जॉन मेजर यांना पार्लमेंटात वारंवार विचारले की, तुम्हाला हे केव्हापासून माहीत होते? लॉर्ड जस्टिस बिंगहॅम यांची चौकशी नेमली गेली. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि बँक ऑफ इंग्लंडच्या देखरेखीतील उणिवा त्याने नोंदविल्या.

किनॉक यांनी विचारला तो प्रश्न आपल्याकडे कमी विचारला जातो. किती नुकसान झाले हे सारे विचारतात. केव्हापासून माहीत होते, हे विचारत नाहीत. नगर अर्बनमध्ये प्रशासक आला २०१९ मध्ये, रक्कम काढण्यावर निर्बंध आले २०२१ अखेर. मधल्या काळात जो व्यापारी बँकेत रोज भरणा करीत राहिला, त्याला सावध कोणी करायचे?

आपल्या बाजारावर याचा भार अधिक का पडतो, तेही सांगतो. आपल्यापैकी पुष्कळजण सूद नको म्हणून मुदत ठेव ठेवत नाहीत, बचत खातेही टाळतात आणि सारा पैसा चालू खात्यात ठेवतात. चालू खात्यावर काही मिळत नाही, हे ठीक. तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा भाग आहे. पण जोखीम मात्र पुरी असते. शिवाय दुकानाचे खाते निराळे आणि घरचे निराळे, ही समजूत चुकीची आहे. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर तिचे चालू खाते आणि मालकाचे वैयक्तिक खाते एकाच माणसाचे धरले जाते. त्याच बँकेच्या चार शाखांत खाती असली तरी बेरीज एकच आणि विमा एकच, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. भागीदारी पेढी मात्र वेगळी धरतात. दोन भावांचे संयुक्त खातेही वेगळे. बँक वेगळी असेल तर विमाही वेगळा. आणि त्याच बँकेचे कॅश क्रेडिट किंवा कर्ज अंगावर असेल तर आधी ते वळते होऊन उरलेली रक्कम हाती येऊ शकते.

काही वर्षांपूर्वी आमचे एक चालू खाते ज्या बँकेत होते तिच्यावर निर्बंध आले. बँक नगरची नव्हे, आणि नाव लिहिण्याचे कारण नाही. रमजानचा अर्धा महिना सरला होता, सुरतेहून साड्यांचे गठ्ठे निघाले होते आणि आमचा चेक परत गेला. आडत्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "सेठ, बँक तुमची बंद, पण माल तर माझा चालू आहे." बेगमच्या बांगड्या गहाण टाकून माल सोडविला. बांगड्या सुटल्या, पण खात्यातला पाच लाखांवरचा पैसा आम्ही अजून वहीत एका निराळ्या पानावर लिहितो.

पीएमसीच्या पाच लाखांवरच्या ठेवीदारांना युनिटी बँकेच्या योजनेत काय मिळाले? पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या वर्षी ५० हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख आणि जे उरेल ते दहा वर्षांनी. संस्थांच्या ठेवींची तर ८० टक्के रक्कम शेअरमध्ये बदलली. व्यापारी दहा वर्षे कोठून थांबणार? त्याचा हंगाम चार महिन्यांचा असतो.

पतसंस्थांबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण आपला जिल्हा पतसंस्थांचा जिल्हा आहे. पतसंस्था, मग ती मल्टीस्टेट असो की गावची, बँक नव्हे. तिला ठेव विमा लागू नाही, पाच लाखांचाही नाही, पाच रुपयांचाही नाही. शेजारच्या बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटने २०२३ मध्ये पैसे देणे थांबविले तेव्हा ही गोष्ट अनेकांना प्रथमच कळली. मल्टीस्टेट पतसंस्था केंद्रीय निबंधकाखाली येतात, म्हणजे २०२१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सहकार मंत्रालयाखाली. अर्थमंत्र्यांना प्रश्न विचारला तर उत्तर येईल की, हा विषय आमच्याकडे नाही. गावच्या पतसंस्थेचा प्रश्न संसदेत नव्हे, विधानसभेत विचारावा लागतो.

२०२४ च्या निवडणुकीत अहमदनगर आणि शिर्डी या दोन्ही मतदारसंघांतून विरोधी पक्षांचे खासदार निवडून आले, नगरमधून नीलेश लंके आणि शिर्डीतून भाऊसाहेब वाकचौरे. सदस्याला प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, फक्त वीस प्रश्न लागतात, तेही सोडतीने. लेखी उत्तराचे अतारांकित दोनशे तीस. तोंडी उत्तरावर उपप्रश्न विचारता येतात, पण आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न बरा. त्यात मंत्र्याला भाषण करता येत नाही, रकाना भरावा लागतो. तेव्हा व्यापारी संघटनांनी मोर्चाचे निवेदन देण्याऐवजी खासदारांच्या हाती तयार प्रश्नच द्यावा. आम्ही तो असा लिहिला आहे:

"निर्बंध आलेल्या किंवा परवाना रद्द झालेल्या महाराष्ट्रातील प्रत्येक नागरी सहकारी बँकेबाबत अर्थमंत्री सांगतील काय: (१) पाच लाखांवरील ठेवीदार किती आणि विम्याबाहेर राहिलेली त्यांची एकूण रक्कम रुपयांत किती, (२) त्यापैकी चालू खात्यांतील रक्कम किती, (३) आजपर्यंत किती रुपये परत मिळाले, (४) रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत गंभीर दोष प्रथम कोणत्या वर्षी आढळला आणि निर्बंध कोणत्या वर्षी लावले, (५) या दोन तारखांच्या मधल्या काळात बँकेने नव्या ठेवी किती स्वीकारल्या?"